होतकरू द्या, कसलेला घ्या: मेजर लीग बेसबॉलमधल्या जुलैच्या ट्रेडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रॉस्पेक्ट देऊन व्हेटरन घेणं म्हणजे नेमकं काय?

मेजर लीग बेसबॉलच्या प्रत्येक संघाखाली मायनर लीगची उतरंड असते: रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए. या उतरंडीत तयार होणाऱ्या होतकरू खेळाडूंना प्रॉस्पेक्ट म्हणतात. ज्या संघाला यंदाच जेतेपदाची संधी दिसते, तो आपले प्रॉस्पेक्ट दुसऱ्या संघाला देतो आणि त्याच्याकडचा कसलेला खेळाडू उचलतो. कसलेला खेळाडू देणाऱ्या संघाचा हंगाम तोवर बहुधा हातचा गेलेला असतो. त्याला आजच्या विजयांपेक्षा तीन वर्षांनंतरचे विजय हवे असतात.

कसलेला म्हणजे वयस्कर असं मात्र समजू नका. २०२२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने हुआन सोटोला सॅन डिएगो पॅड्रेसकडे पाठवलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. मेजर लीगमध्ये सिद्ध झालेला, एवढाच इथे कसलेल्याचा अर्थ.

हे सगळं जुलैच्या शेवटीच का होतं?

नियमित हंगाम १६२ सामन्यांचा. मार्चच्या शेवटी सुरू होतो, सप्टेंबरच्या शेवटी संपतो. जुलै संपेपर्यंत साधारण १०५ ते ११० सामने झालेले असतात आणि कोण शर्यतीत आहे, कोण नाही, हे दिसू लागतं. ट्रेडची मुदतही तेव्हाच संपते. पूर्वी ही तारीख ३१ जुलै अशी ठरलेली होती. २०२२ पासून कमिशनर ती २८ जुलै ते ३ ऑगस्ट यांच्यात कुठेही ठेवू शकतात. २०२२ मध्ये ती २ ऑगस्ट होती, २०२४ मध्ये ३० जुलै.

२०१८ पर्यंत ऑगस्टमध्येही वेव्हरच्या मार्गाने (म्हणजे खेळाडूवर दावा करायची संधी आधी इतर संघांना देऊन) ट्रेड करता यायचे. डेट्रॉइट टायगर्सचा जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसकडे गेला तो ३१ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्रीला काही क्षण उरलेले असताना. २०१९ पासून ही वाट बंद आहे.

आयपीएलच्या ट्रेडपेक्षा हे वेगळं कसं?

दोन मोठे फरक आहेत. आयपीएलमध्ये निव्वळ पैशांवर खेळाडू हलतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे तसाच आला. बेसबॉलमध्ये मोठ्या खेळाडूच्या बदल्यात नुसते पैसे कोणी घेत नाही, भविष्यातले खेळाडू मागतात. दुसरं म्हणजे, आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. इथे बहुतेकांना कोणी विचारत नाही. सकाळी सिएटलमध्ये सराव करणारा खेळाडू रात्री न्यू यॉर्कच्या विमानात असू शकतो.

‘हक्काची वर्षं’ हा शब्द सारखा येतो. तो काय प्रकार आहे?

हा एक प्रश्न समजला की बाकीचे अर्धे सुटतात, म्हणून थोडं सविस्तर.

खेळाडू मेजर लीगमध्ये आला की त्याच्या सेवेचे दिवस मोजले जातात. १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत तो मुक्त होत नाही, त्याच्यावर संघाचा हक्क राहतो. पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात. २०२५ साली हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होतं. पुढची तीन वर्षं लवादाची: दोन्ही बाजू आकडे मांडतात, तडजोड झाली नाही तर लवाद त्यातला एक निवडतो. पगार वाढत जातो, पण खुल्या बाजाराच्या खालीच राहतो.

म्हणजे डबल-ए मध्ये खेळणारा २० वर्षांचा चांगला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दिला, तर त्याची सहाच्या सहा वर्षं तुम्ही देऊन टाकता, आणि त्यातली पहिली तीन जवळपास फुकटातली. बदल्यात मिळालेल्या खेळाडूचा करार ऑक्टोबरनंतर संपणार असेल, तर तुम्हाला मिळतात दोन महिने आणि पोस्ट-सीझन, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या जेतेपदाच्या फेऱ्या. अशा खेळाडूला ‘रेंटल’ म्हणतात.

कोणताही ट्रेड वाचताना आधी दोन्ही बाजूंची वर्षं मोजा, नावं नंतर बघा. सोटोची अडीच वर्षं उरली होती. म्हणून त्याच्यासाठी (जॉश बेलसह) सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना एवढे तरुण आणि जोडीला ल्यूक वॉइट द्यावे लागले. एब्रम्स, गोर आणि वुड पुढे ऑल-स्टार झाले, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले.

रेंटल खेळाडूची किंमत कशी काढतात?

कागदावर करून बघा. एखाद्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) पगार वर्षाला १.५ कोटी डॉलर आहे. हंगाम सुमारे १८६ दिवसांचा, ३१ जुलैला उरतात साधारण ६०. पगाराचा उरलेला भाग १.५ कोटी × ६० ÷ १८६, म्हणजे सुमारे ४८ लाख डॉलर.

आता त्याची कामगिरी. सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत किती विजय वाढवले, हे ‘वॉर’ या आकड्यात सांगतात. पूर्ण हंगामात ३ वॉरचा पिचर उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात १ वॉर देईल. खुल्या बाजारात एका वॉरला साधारण ८० लाख ते १ कोटी डॉलर पडतात, असं विश्लेषक धरून चालतात. वरचे ४८ लाख वजा केले तर खेळाडूचं निव्वळ मोल ३० ते ५० लाख डॉलर. एवढ्यात मधल्या फळीतला एखादा प्रॉस्पेक्ट येतो, प्रॉस्पेक्टच्या क्रमवारीतल्या पहिल्या शंभरातला येत नाही.

पगाराचा भार विकणाऱ्याने उचलला तर प्रॉस्पेक्ट चांगला मिळतो. २०२३ मध्ये न्यू यॉर्क मेट्सने मॅक्स शर्झरला टेक्सस रेंजर्सकडे पाठवताना त्याच्या पगाराचा मोठा वाटा स्वतः भरला आणि लुईसांहेल अकुन्या हा प्रॉस्पेक्ट मिळवला. खरं पाहता मेट्सने तो पैशांनी विकत घेतला.

लक्झरी टॅक्स विसरू नका, म्हणजे संघाच्या एकूण पगाराने मर्यादा ओलांडली की बसणारा कर. २०२५ मध्ये त्याची पहिली मर्यादा २४.१ कोटी डॉलर होती, सगळ्यात वरची ३०.१ कोटी. सलग तिसऱ्या वर्षी मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला वरच्या टप्प्यात दर डॉलरमागे १ डॉलर १० सेंट कर पडतो. मग वरचे ४८ लाख त्याला एक कोटीच्या घरात जातात.

मग हिशोबापेक्षा जास्त किंमत का मोजतात?

कारण प्रत्येक विजयाचं मोल सारखं नसतं. ७० विजयांचा संघ ७१ वर गेला तर काहीच बदलत नाही. ८७ चा ८८ झाला तर पोस्ट-सीझनचं दार उघडू शकतं. अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमधून सहा-सहा असे १२ संघ आत जातात. प्रत्येक लीगमधल्या पहिल्या दोघांना पहिली फेरी खेळावी लागत नाही, त्यांना जेतेपदासाठी ११ विजय पुरतात. बाकीच्यांना १३ लागतात.

शिवाय ऑक्टोबरमधलं बेसबॉल वेगळं असतं. नियमित हंगामात पाच सुरुवातीचे पिचर आळीपाळीने टाकतात. पोस्ट-सीझनमध्ये सुट्टीचे दिवस जास्त, म्हणून तीन-चार जणांवर भागतं. तुमच्या चौथ्या पिचरच्या वर एक अव्वल पिचर आला की त्याचा वाटा एकदम वाढतो. शेवटच्या डावांत येणाऱ्या रिलीफ पिचरचंही तसंच. वर्षभरात तो जेमतेम ६०-७० इनिंग टाकतो, पण ऑक्टोबरमध्ये सामना अडला की चेंडू त्याच्याच हातात असतो. म्हणून २०२५ मध्ये पॅड्रेसने मेसन मिलर या रिलीफ पिचरसाठी (जेपी सिअर्ससह) अ‍ॅथलेटिक्सला चार तरुण दिले आणि त्यात १८ वर्षांचा लिओ दे व्ह्रीस होता. मिलरवर २०२९ पर्यंत हक्क मिळत होता. तरीही ही किंमत जड आहे, असं आमचं मत.

प्रॉस्पेक्ट किती चांगला, हे कसं ठरतं?

स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारी संघांची माणसं, २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी दर्जा. बॅटरचे मारा, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि हात (फेक) असे पाच गुण. पिचरच्या चेंडूचा प्रत्येक प्रकार आणि नियंत्रण वेगळं. शेवटी एक एकत्रित आकडा येतो. ५० चा प्रॉस्पेक्ट म्हणजे रोजच्या संघात बसेल असा, ४० चा म्हणजे बाकावरचा.

त्याच आकड्याच्या दोघांत फरक करणाऱ्या गोष्टी तीन. मेजर लीगपासूनचं अंतर: ट्रिपल-ए मधला पुढच्या महिन्यात खेळू शकतो, सिंगल-ए मधल्याला अजून चार वर्षं आहेत. जागा: शॉर्टस्टॉप, कॅचर आणि सेंटर फील्डर महाग, कारण शॉर्टस्टॉप पुढे दुसऱ्या बेसवर जाऊ शकतो, पहिल्या बेसवाल्याला जायला जागाच नाही. आणि तिसरी, पिचरचं कोपर. तरुण पिचर देणं बॅटर देण्यापेक्षा कमी दुखतं, कारण कोपराच्या एका टॉमी जॉन शस्त्रक्रियेत त्याचं वर्ष-सव्वा वर्ष जातं.

चांगले वाटणारे प्रॉस्पेक्ट कधी कधी अगदी स्वस्तात का जातात?

उत्तर नोव्हेंबरमध्ये सापडतं. प्रत्येक संघाची ४० जणांची यादी असते. १८ किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांनंतर आणि १९ किंवा त्याहून जास्त वयात आलेल्याला चार हंगामांनंतर या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (यादीबाहेरच्या खेळाडूंच्या निवडीत) दुसरा संघ त्याला १ लाख डॉलर भरून उचलू शकतो. ज्या संघाकडे असे सात जण आणि जागा तीनच, तो चौघांसाठी जुलैमध्येच गिऱ्हाईक शोधतो. पुनर्बांधणीतल्या संघाकडे यादीत जागा मोकळी असते, त्याला हे खेळाडू चालतात.

ट्रेड झाला की ‘यंदा कोणाला यादीत घ्यावं लागलं असतं’ हे आवर्जून तपासा. उदार वाटणारा सौदा पुष्कळदा जागेची अडचण सोडवणारा असतो.

ट्रेड प्रत्यक्ष ठरतो कसा? कुठे अडतो?

विकणाऱ्या संघाचे स्काउट जूनपासूनच समोरच्याच्या मायनर लीगचे सामने बघत असतात. मग नावांच्या याद्या फिरतात: ‘या पाचांतले दोन आणि त्या दहांतला एक’. नावं जुळली की दोन्ही संघ एकमेकांना वैद्यकीय कागदपत्रं उघडून देतात, डॉक्टर एमआरआय वाचतात, आणि मंजुरी मिळाल्यावर कमिशनरच्या कार्यालयात नोंद होते.

अडतं ते बहुतेक वेळा डॉक्टरपाशी. जुलै २०१५ मध्ये मेट्स कार्लोस गोमेझसाठी विल्मर फ्लोरेस आणि झॅक व्हीलर मिलवॉकी ब्रुअर्सला देणार होते. बातमी सामना चालू असतानाच फुटली, फ्लोरेस मैदानातच डोळे पुसत होता. मग मेट्सला गोमेझच्या खुब्याबद्दल शंका आली आणि सौदा मोडला. दोन दिवसांनी त्यांनी मायकेल फुल्मर आणि लुईस सेसा देऊन टायगर्सकडून योएनिस सेस्पेडेसला घेतलं. त्याने ५७ सामन्यांत १७ होम रन मारले, मेट्स वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेपर्यंत गेले. फुल्मर पुढच्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. दोन्ही बाजूंना हवं ते मिळालं, असा हा ट्रेड.

कागदपत्रं अपुरी दिली तर काय होतं, हे २०१६ मध्ये दिसलं. पॅड्रेसने मायामी मार्लिन्सला दिलेला पिचर कॉलिन रे पहिल्याच सामन्यात कोपर धरून बाहेर गेला. मार्लिन्सने त्याला परत पाठवलं आणि आपला प्रॉस्पेक्ट लुईस कॅस्टिओ परत घेतला. त्याच मोसमात बॉस्टन रेड सॉक्सशी झालेल्या ड्रू पोमरान्झच्या ट्रेडमधल्या वैद्यकीय माहितीवरून पॅड्रेसचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर ३० दिवस निलंबित झाले.

‘नाव नंतर ठरेल तो खेळाडू’ असं बातमीत असतं. तो दुय्यमच असतो ना?

बहुतेकदा हो, पण नेहमी नाही. हे नाव सहा महिन्यांच्या आत ठरवावं लागतं. जुलै २००८ मध्ये ब्रुअर्सने क्लीव्हलँडकडून सीसी सबाथियाला घेतलं. मुख्य मोबदला मॅट लापोर्टा हा बॅटर होता, सगळी चर्चा त्याचीच. तो मेजर लीगमध्ये टिकला नाही. नंतर ठरलेलं नाव होतं मायकेल ब्रँटली, आणि तो पाच वेळा ऑल-स्टार झाला. सबाथिया या पिचरने १७ सामन्यांत ११ विजय आणि २ पराभव (सामन्याचा निकाल पिचरच्या नावावर मांडतात), १.६५ ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावरच्या धावा, कमी तितक्या चांगल्या) अशी कामगिरी केली आणि ब्रुअर्सना १९८२ नंतर प्रथमच पोस्ट-सीझनमध्ये नेलं. मग हिवाळ्यात तो न्यू यॉर्क यँकीजकडे गेला.

खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो का?

दोन परिस्थितींत. करारातच तसं कलम असेल, किंवा त्याची मेजर लीगमधली दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात झाली असतील. २०१७ मध्ये व्हर्लँडरकडे हा हक्क होता, म्हणून त्याच्या होकाराची वाट बघता बघता घड्याळ शेवटच्या मिनिटावर आलं.

काय काय देता येत नाही?

ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) नेहमीची निवड देता येत नाही, फक्त स्पर्धात्मक समतोलासाठी काही संघांना दिलेल्या जादा निवडी देता येतात. नुकताच ड्राफ्ट झालेला खेळाडू त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत हलत नाही.

रेंटलच्या बाबतीत एक छुपा खर्च आहे. करार संपणाऱ्या खेळाडूला संघ क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे ठरावीक रकमेचा एका वर्षाचा करार देऊ करतो (२०२५ च्या हिवाळ्यात २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर). तो ती नाकारून गेला, तर संघाला ड्राफ्टमध्ये भरपाईची निवड मिळते. पण हंगामाच्या मध्यात ट्रेड झालेल्याला ही ऑफर देताच येत नाही. म्हणून विकणारा निदान त्या निवडीच्या मोलाचा प्रॉस्पेक्ट मागतो. घेणाऱ्याच्या हाती मात्र नोव्हेंबरमध्ये काहीच उरत नाही.

जॉन स्मोल्ट्झ आणि जेफ बॅगवेल देणं हा मूर्खपणा नव्हता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आमचं उत्तर: त्या दिवशी काय माहीत होतं ते बघा.

१२ ऑगस्ट १९८७ ला टायगर्सने अटलांटा ब्रेव्ह्जकडून ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर घेतला आणि २० वर्षांचा स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झची तेव्हाची डबल-ए मधली कामगिरी ४ विजय, १० पराभव आणि ५.६८ ईआरए. अलेक्झांडरने ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, ईआरए १.५३. टायगर्सनी आपला विभाग फक्त दोन सामन्यांच्या फरकाने जिंकला. अलेक्झांडर नसता तर तो गेलाच असता. पुढे मिनेसोटा ट्विन्सनी त्यांना ४-१ ने हरवलं आणि स्मोल्ट्झ हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला. किंमत भयंकर ठरली, निर्णय मात्र समजण्यासारखा होता.

बॅगवेलचं वेगळं. ३० ऑगस्ट १९९० ला रेड सॉक्सनी त्याला ह्यूस्टनला देऊन लॅरी अँडरसन घेतला. तो ३७ वर्षांचा रिलीफ पिचर, उरलेल्या महिन्याभरात त्याने फक्त २२ इनिंग टाकल्या आणि हिवाळ्यात दुसरीकडे गेला. बॅगवेल डबल-ए मध्ये .३३३ ने, म्हणजे तीन वेळांत एक हिट या सरासरीने मारत होता. होम रन फक्त ४ होते, आणि तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज बसलेला. त्यामुळे तो जास्तीचा वाटला. पुढे त्याने ४४९ होम रन मारले. एका महिन्याच्या रिलीफ पिचरसाठी .३३३ चा बॅटर देणं तेव्हाच्या माहितीवरही चूकच. तिसरा बेस अडलेला होता, तर पहिल्या बेसवर त्याला उभं करून बघता आलं असतं. ह्यूस्टनने तेच केलं.

महाग किंमत वसूल झाली, असं उदाहरण?

२०१६ चे शिकागो कब्ज. यँकीजकडून अरोल्डिस चॅपमन घेताना त्यांनी ग्लेबर टोरेससह चौघं दिली. टोरेस तेव्हा त्यांचा अव्वल प्रॉस्पेक्ट होता. चॅपमनने २८ सामन्यांत १.०१ ईआरए राखला. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात राजाई डेव्हिसने त्याला होम रन मारून बरोबरी साधली, तरी कब्ज जिंकले, १९०८ नंतर पहिल्यांदाच. डिसेंबरमध्ये चॅपमन ८.६ कोटी डॉलरवर यँकीजकडेच परतला आणि टोरेसने २०१९ मध्ये तिथे ३८ होम रन मारले. कब्जच्या पाठीराख्याला विचारा, तो हा सौदा उद्या पुन्हा करेल. आम्हीही करू. त्यांच्या शॉर्टस्टॉपवर अ‍ॅडिसन रसेल आणि दुसऱ्या बेसवर हावियर बाएझ होते. टोरेसला जागा नव्हती आणि संघाची संधी खरोखर मोठी होती.

मोठे प्रॉस्पेक्ट न देता जिंकता येतं का?

२०२१ चे ब्रेव्ह्ज अभ्यासा. जुलैमध्ये रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचा गुडघा गेला, संघ विजय-पराभवांच्या बरोबरीच्याही खाली होता. त्यांनी चार आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातले क्षेत्ररक्षक) आणले: जॉक पीडरसन, एडी रोझारिओ, अ‍ॅडम डुव्हॉल आणि होर्हे सोलेर. बदल्यात एकही अव्वल प्रॉस्पेक्ट गेला नाही. रोझारिओसाठी दिलेल्या पाब्लो सँडोव्हालला तर क्लीव्हलँडने लगेच मोकळं केलं. रोझारिओ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा आणि सोलेर वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हे जमलं कारण ते फॉर्म हरवलेले किंवा दुखापतीतून येणारे खेळाडू घेत होते आणि भोक एकाच जागी होतं. सरासरीच्या खालचा खेळाडू काढून तिथे सरासरी खेळाडू बसवणं, ही सगळ्यात स्वस्त सुधारणा.

मग कोणी थांबायला हवं?

ज्याची शर्यत अजून ठरलेली नाही आणि संघात भोकं तीन-चार आहेत, त्याने. शिकागो व्हाइट सॉक्सनी ४ जून २०१६ ला, म्हणजे डेडलाइनच्या जवळजवळ दोन महिने आधी, जेम्स शील्ड्स घेतला. त्यांच्यासाठी तो ४ विजय, १२ पराभव आणि ६.७७ ईआरए असा खेळला. संघ ७८ विजयांवर थांबला. दिलेल्या दोघांपैकी एक होता १७ वर्षांचा फर्नांडो टाटिस ज्युनियर, तोवर एकही व्यावसायिक सामना न खेळलेला. एवढ्या कोवळ्या मुलाला कोणी नीट जोखलेलं नसतं. समोरचा संघ नेमका तोच मागत असेल, तर त्याने काहीतरी पाहिलंय असं समजून थांबा आणि आपला स्काउट पुन्हा पाठवा.

डेडलाइन उलटल्यावर काय उरतं?

वेव्हरवर सोडलेले खेळाडू, मुक्त झालेले खेळाडू आणि त्या हंगामात ४० जणांच्या यादीत नसलेल्या मायनर लीग खेळाडूंचे छोटे ट्रेड. पोस्ट-सीझनमध्ये खेळवायचं असेल तर खेळाडू ३१ ऑगस्टपर्यंत संघात यायला हवा.

२०२३ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सनी शोहेई ओतानीचं करारातलं शेवटचं वर्ष म्हणून जोर लावला. एडगर क्वेरो आणि काय बुश देऊन शिकागो व्हाइट सॉक्सकडून लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ आणले. महिन्याभरात संघ कोसळला आणि ऑगस्ट संपण्याआधी त्यांनी दोघांनाही वेव्हरवर टाकलं. क्लीव्हलँडने दोघांना उचललं, बदल्यात एकही खेळाडू न देता. एंजल्स ७३ विजयांवर संपले आणि ओतानी डॉजर्सकडे गेला.

भारतातून हे थेट बघायचं तर केव्हा?

मुदत बहुतेक वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या संध्याकाळी ६ ला संपते, म्हणजे आपल्याकडे पहाटे ३:३०, तारीख पुढची. पण ३:३० ला टीव्ही बंद करू नका. मुदतीआधी नोंदलेले सौदे जाहीर व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि कोणाच्या बदल्यात नेमका कोण गेला हे तेव्हाच कळतं.